दार आतून उघडतं: पंथ आणि कुटुंबाच्या भयपटाची पटकथा, पायरीपायरीने

पंथावरचा भयपट लिहायचं ठरलं की पहिल्याच रात्री डोळ्यांसमोर झगे येतात, मेणबत्त्या येतात, जमिनीवर आखलेलं वर्तुळ आणि कुणीतरी पुटपुटत असलेला मंत्र येतो. ते सगळं एका कागदावर लिहून बाजूला ठेवा. त्यातलं फार थोडं शेवटी कामी येतं. भूत घरात भिंतीतून शिरतं. पंथ मात्र बेल वाजवून येतो आणि घरातलंच कुणीतरी त्याला दार उघडतं. का उघडतं, याचं उत्तर जितकं पटेल तितका चित्रपट अंगावर येईल.

त्या उत्तरापासून शूटिंगला नेता येईल अशा खर्ड्यापर्यंत कसं जायचं, ते इथे सांगतो. मोजकी पात्रं आणि एक-दोन लोकेशन एवढ्यात बसणारा चित्रपट मी गृहीत धरला आहे. हा प्रकार कमी पैशात उलट जास्त खुलतो, कारण त्याला राक्षस लागत नाही, शेजारी लागतात.

पायरी १: आधी घर लिहा

सुरुवातीचे काही दिवस पंथाला हात लावू नका. घरातल्या प्रत्येकासाठी एक वाक्य लिहा: याला काय हवं आहे जे घरात मिळत नाही, आणि ते मागायची याला लाज का वाटते? दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. नुसती उणीव असेल तर माणूस मित्राजवळ, बहिणीजवळ, डॉक्टरजवळ बोलून मोकळा होतो. लाज असली की तो अनोळखी माणसाजवळ बोलतो, आणि आपल्याला तो अनोळखी माणूसच तर आणायचा आहे.

एक उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत चालवू. आई, वडील, सोळा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा. वर्षभरापूर्वी त्यांचं तान्हं बाळ झोपेतच गेलं. तेव्हापासून आईला झोप नाही. आपला डोळा लागला तर मुलाचा श्वास थांबेल, असं तिला आतून वाटतं आणि असं वाटणं वेडेपणाचं आहे हेही तिला कळतं. वडील सगळं सुरळीत असल्यासारखे वागतात. त्या रात्री त्यांनी बाळाचं रडणं ऐकलं होतं आणि कूस बदलून ते पुन्हा झोपले होते. हे फक्त त्यांना ठाऊक आहे. मुलीकडे वर्षभर कुणी धड पाहिलेलं नाही.

आता हे संवादात न सांगता दिसलं पाहिजे. आई रात्री उठते, मुलाच्या नाकापाशी छोटा आरसा धरते, काचेवर वाफ आली की परत जाते. थोड्या वेळाने पुन्हा येते. पहिल्या पाच पानांत हा एक प्रसंग असला की 'तू अजून त्यातून बाहेर आलेली नाहीस' छापाचं वाक्य कुणाच्याही तोंडी घालावं लागत नाही. आरसा जपून ठेवा. पहिल्या अंकात ज्या वस्तूत घराची काळजी साठली आहे, ती तिसऱ्या अंकात कुणाच्या तरी हातातलं हत्यार व्हायला हवी.

पायरी २: पंथ काय देतो ते ठरवा

बहुतेक खर्डे इथेच लंगडे पडतात. लेखकाला पंथ दुष्ट आहे हे माहीत असतं, म्हणून पंथातली माणसंही आपण दुष्ट आहोत हे माहीत असल्यासारखी हसतात. खऱ्या घटना पाहिल्या तर चित्र वेगळं दिसतं.

जिम जोन्स या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या 'पीपल्स टेंपल' या पंथात लोक मरायला गेले नव्हते. अमेरिकेत वर्णभेद उघडउघड चालत असताना तिथे काळे आणि गोरे शेजारी शेजारी बसत होते, वृद्धांची सोय होत होती, गरिबांना जेवण मिळत होतं. त्याच मंडळींचं जंगल तोडून वसवलेलं गाव म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशातलं जोन्सटाउन. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी तिथे, जवळच्या धावपट्टीवर आणि राजधानीत मिळून ९१८ माणसं मेली. त्यांत सुमारे ३०० मुलं होती. कॅलिफोर्नियात मार्च १९९७ मध्ये 'हेवन्स गेट' या पंथाचे ३९ जण एका बंगल्यात मृत सापडले: सारखे कपडे, सारखे बूट, अंगावर जांभळं कापड, बाजूला भरून ठेवलेली बॅग. मागे ठेवलेल्या निरोपाच्या चित्रफितींत त्यांतले बरेच जण प्रसन्न दिसतात. आणि पोटापाण्यासाठी ही माणसं लोकांना वेबसाइट बनवून देत होती. माझ्या मते पटकथाकारासाठी त्या जांभळ्या कापडापेक्षा हा शेवटचा तपशील मोलाचा आहे. मरणाची तयारी करणारा माणूस ग्राहकाला दिलेली तारीख पाळतो, हे कल्पनेतून सहसा सुचत नाही.

तेव्हा पंथासाठी या प्रश्नांची उत्तरं लिहा. पहिल्याच महिन्यात तो माणसाला नेमकं काय देतो? त्याच्या श्रद्धेचं एक वाक्य कोणतं, जे ऐकून 'यात वाईट काय?' असं वाटेल? पैसा कुठून येतो? पहाटेपासून रात्रीपर्यंत दिवस कसा जातो? आधी कोण सोडून गेलं आणि आता त्याचं नाव कसं घेतात? ही उत्तरं पडद्यावर क्वचितच येतील, पण ती नसली की प्रत्येक संवाद पोकळ वाजतो.

आपल्या उदाहरणातला पंथ असा: झोपेत जीव अंगाबाहेर जातो आणि कुणीतरी जागं असेल तरच त्याला परतीची वाट सापडते, अशी या लोकांची श्रद्धा. म्हणून कुणी एकट्याने झोपायचं नाही. शेजारी कायम कुणीतरी जागं बसलेलं. ते स्वतःला 'जागे' म्हणतात. जिला झोपेचीच भीती आहे अशा आईला याहून मोठी भेट कोणती? शिवाय तुमच्यासाठी कुणी जागलं की तुमच्यावर ऋण चढतं आणि ते दुसऱ्यासाठी जागून फेडायचं. म्हणजे हळूहळू सगळ्यांचीच झोप कमी होत जाते. अपुरी झोप हे माणसाला मऊ करण्याचं जुनं साधन आहे. इथे ते श्रद्धेच्या पोटातूनच निघालं, बाहेरून चिकटवावं लागलं नाही. श्रद्धा आणि अत्याचार एकाच वाक्यातून निघत असतील तर समजा, पंथ जमला.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी चीनमधल्या 'विचारसुधारणे'तून, म्हणजे माणसाची मतं सक्तीने बदलण्याच्या मोहिमेतून, गेलेल्या लोकांशी बोलून १९६१ साली अशा बंदिस्त वातावरणाची आठ लक्षणं मांडली होती. त्यांतली तीन लेखकाच्या थेट उपयोगाची आहेत. एक, कबुलीजबाबाची सक्ती: लपवलेलं काही उरता कामा नये. दोन, ठोकळेबाज भाषा: अवघड प्रश्न एका तयार शब्दात मिटवून टाकायचा. आपल्या पंथात कुणी शंका काढली की बाकीचे प्रेमाने म्हणतात, 'तू दमलीस.' बास, शंका संपली. तीन, सिद्धान्त माणसापेक्षा मोठा: तुझा अनुभव शिकवणीशी जुळत नसेल तर चूक तुझ्या अनुभवाची. पटकथेत या तिन्ही गोष्टी साध्या घरगुती वाक्यांतून येऊ द्या.

म्होरक्याबद्दल थोडक्यात. त्याला कमी दाखवा, उशिरा दाखवा आणि जमलं तर कामात दाखवा: नळ दुरुस्त करताना, म्हातारीचे पाय दाबताना. भाषण देणारा म्होरक्या आपण खूप पाहिला. मन लावून ऐकून घेणारा क्वचितच पाहिलाय आणि तो जास्त भयंकर असतो.

आणखी एक गोष्ट इथेच ठरवून टाका. पंथ पूर्णपणे कल्पित ठेवा. एखाद्या खऱ्या, छोट्या, समाजात आधीच संशयाने पाहिल्या जाणाऱ्या समूहाची चिन्हं, पेहराव किंवा प्रार्थना उचलू नका. हा नुसता शिष्टाचार नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत सैतानपूजकांच्या गुप्त टोळ्यांची धास्ती पसरली होती. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीचा खटला मुलांच्या लैंगिक छळाच्या १९८३ च्या आरोपांपासून १९९० पर्यंत रेंगाळला आणि एकालाही शिक्षा झाली नाही. पुढे अमेरिकेतल्याच वेस्ट मेम्फिस गावात १९९३ साली तीन लहान मुलांचे खून झाले. काळे कपडे आणि हेवी मेटल संगीताची आवड हेही ज्यांच्या विरोधात गेलं अशी तीन किशोरवयीन पोरं दोषी ठरली, आणि २०११ साली, १८ वर्षांनी सुटली. 'ती विचित्र माणसं' ही भीती पडद्याबाहेर काय करू शकते ते यावरून कळतं. कल्पित पंथ लिहिण्यात आणखी एक फायदा आहे: प्रेक्षकाला त्याचे नियम आधी माहीत नसतात, म्हणून ते शिकताना तोही आत ओढला जातो.

पायरी ३: होकारांची शिडी

चित्रपटाचा कणा हा. एका कोऱ्या पानावर खालून वर लिहीत जा: कुटुंबाने पंथाला दिलेला प्रत्येक 'हो'. पहिला इतका लहान असावा की प्रेक्षकानेही दिला असता.

यामागे पक्कं संशोधन आहे. फ्रीडमन आणि फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. घराच्या अंगणात सुरक्षित ड्रायव्हिंगचा मोठा, बेढब फलक लावू द्याल का, असं थेट विचारल्यावर सुमारे १७ टक्के लोक तयार झाले. ज्यांनी आधी त्याच विषयाची बोटभर पाटी खिडकीत लावायला होकार दिला होता, त्यांच्यातले ७६ टक्के तयार झाले. एकदा 'हो' म्हटल्यावर माणूस स्वतःला 'हो म्हणणारा' समजायला लागतो. आपली शिडी यावरच उभी राहते.

उदाहरणातली शिडी अशी:

१. नवी शेजारीण पावसात मुलाला शाळेतून घरी घेऊन येते.
२. आईचे डोळे पाहून ती म्हणते, 'तू झोप, मी बसते त्याच्याजवळ.' आई वर्षभरात पहिल्यांदा सलग सहा तास झोपते.
३. काही दिवसांनी शेजारीण विचारते, पलीकडच्या घरात आजारी बाई आहे, दोन तास बसशील?
४. आई जाते. तिथे चार माणसं भेटतात. तिची गोष्ट कुणी मध्येच तोडत नाही.
५. मुलाच्या खोलीचं दार काढून ठेवावं, म्हणजे त्याचा श्वास ऐकू येईल. वडील स्वतःच्या हाताने बिजागऱ्या सोडवतात.
६. झोपण्याआधी प्रत्येकाने दिवसभरातली एक लपवलेली गोष्ट सांगायची. मुलीला हे आवडतं. शेवटी कुणीतरी तिचं ऐकतंय.
७. वडील त्या रात्रीचं रडणं सांगून टाकतात. कुणी दोष देत नाही. एक जण वहीत लिहून घेतो.
८. घराची एक किल्ली 'जाग्यां'कडे राहते.
९. मुलगा रात्री दचकतो म्हणून त्याला एक काढा. आई तो चमच्याने पाजते.

या शिडीत दोन गोष्टी तपासायच्या. प्रत्येक होकारातून घराला खरोखर काहीतरी मिळतं का? मिळत नसेल तर ती पायरी खोटी आहे, काढा. आणि प्रत्येक होकार मागे घ्यायला आधीच्यापेक्षा जास्त किंमत पडते का? तिसरीवर 'नको' म्हटलं तर थोडा संकोच. सातवीनंतर 'नको' म्हटलं तर वहीतलं पान बायकोसमोर, पोलिसांसमोर उघडेल. कुणी धमकी देत नाही. वही नुसती टेबलावर पडलेली असते. आणि नवव्या पायरीवर लक्ष द्या: पंथाने मुलाला हातही लावलेला नाही, जे केलं ते आईने. घराचा अपराध आणि पंथाचा अपराध वेगळा करता येऊ नये, इथवर यायचं.

पायरी ४: घर कुठून फुटतं

सगळं कुटुंब एका बाजूला आणि पंथ दुसऱ्या बाजूला अशी मांडणी केली की गोष्टीचा वेढापट होतो: बाहेर शत्रू, आत अडकलेली माणसं. त्यात थरार असतो, पण पंथाची भीती वेगळी: ताटावर शेजारी बसलेला माणूस अजून आपला आहे का? म्हणून प्रत्येकाचा आत जाण्याचा आणि शंका येण्याचा क्षण वेगवेगळा ठेवा. एकाला संशय येतो तेव्हा दुसरा नुकताच सुखी झालेला असावा.

आपल्याकडे आई पहिली जाते. वडील चिडतात, टिंगल करतात, आणि सातव्या पायरीला तेच सगळ्यात खोल जातात, कारण तिच्यापेक्षा त्यांचं ओझं मोठं होतं. आई सावरते तोवर नवरा तिचा राहिलेला नसतो. मुलगी मधल्या काळात खूश असते आणि तिला धक्का बसतो तो लहानशा गोष्टीने: आपण विश्वासाने सांगितलेलं गुपित दुसऱ्याच घरातली बाई आपल्याला सहज बोलून दाखवते.

कुणाच्या नजरेतून सांगायचं? मी मुलीची नजर घेईन. ती आईवडिलांना ओळखते पण त्यांच्यावर तिचा अधिकार चालत नाही, त्यामुळे कळणं आणि थांबवता येणं यांतलं अंतर आपोआप मिळतं. नजर एकदा ठरली की पंथाच्या गुप्त बैठकीचा, मुलगी हजर नसलेला, 'तिकडे काय शिजतंय' असा प्रसंग लिहायचा नाही. तसा एक प्रसंग लिहून प्रेक्षकाला जेवढी माहिती मिळते, त्याच्या दुप्पट भीती जाते.

पायरी ५: 'मग पोलिसांकडे का जात नाहीत?'

प्रेक्षक हा प्रश्न साधारण चाळिसाव्या मिनिटाला विचारतो. फोनला रेंज नाही, गाडी सुरू होत नाही, ही उत्तरं आता हसू आणतात. त्यापेक्षा त्यांना पोलिसांकडे जाऊ द्या. पोलीस येतात, चहा घेतात, नोंद करतात. गुन्हा कुठला? शेजारी मदत करतात हा? किल्ली कुणी दिली? तुम्हीच. काढा कुणी पाजला?

आणि संस्था प्रामाणिक असूनही उशीर होतो, याला इतिहासात दाखला आहे. जपानमध्ये वकील त्सुत्सुमी साकामोतो हे 'ओम शिन्रिक्यो' पंथात गेलेल्या लोकांच्या कुटुंबांची बाजू लढवत होते. नोव्हेंबर १९८९ मध्ये पंथाची माणसं रात्री त्यांच्या योकोहामातल्या घरात शिरली आणि त्यांचा, त्यांच्या पत्नीचा आणि तान्ह्या मुलाचा खून केला. घरात पंथाचा बिल्ला सापडला होता, तरी मृतदेह मिळाले ते १९९५ साली, त्याच पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडल्यानंतर. त्या रात्री घराचं दार कडी न लावलेलं होतं. खऱ्या माणसांच्या या दुःखावर प्रसंग बेतू नका. पण 'असं कुठे होतं का' म्हणणाऱ्या निर्मात्याला सांगायला ही हकीकत ठाऊक असावी.

पळवाटा माणसांनी बंद करा, वस्तूंनी नको. बहीण फोन उचलते, पण आई गेलं वर्षभर तिला रात्री-अपरात्री असेच फोन करत आली आहे. डॉक्टर ऐकतात आणि झोपेच्या गोळ्या लिहून देतात. शाळेतल्या बाई स्वतःच 'जाग्यां'पैकी निघाल्या, हे वळण मात्र एकदाच वापरा. सगळं गाव सामील असल्याचं दाखवलं की भीती पातळ होते.

पायरी ६: खरंच काही आहे का?

जीव खरंच अंगाबाहेर जातो की ही नुसती श्रद्धा? तुम्हाला उत्तर माहीत हवं, चित्रपटाने द्यायचं की नाही ते वेगळं. लेखकालाच ठरवता आलं नाही तर त्याला संदिग्धता म्हणत नाहीत, तो गोंधळ असतो.

उदाहरणात झोप हाच विषय असल्याने वाट सोपी आहे. १९६३ च्या डिसेंबरमध्ये सॅन डिएगोतल्या रँडी गार्डनर या शाळकरी मुलाने २६४ तास, म्हणजे ११ दिवस, जागं राहण्याचा प्रयोग केला. त्याची चिडचिड वाढली, लक्ष लागेना, भास झाले. तेव्हा आईला कोपऱ्यात बाळाचा आकार दिसला तर तो तिच्या थकव्याचा असू शकतो आणि नसूही शकतो. मी एक नियम पाळतो: जागरण न केलेल्या पात्राला काहीही अलौकिक दिसू द्यायचं नाही. मग अगदी शेवटाकडे, पोटभर झोपलेल्या मुलीला एकदाच काहीतरी दिसावं. नियम इतका वेळ पाळला की तो मोडण्याचा एक क्षण दहा धक्क्यांचं काम करतो.

पायरी ७: विधी

विधी म्हणजे पाठांतर झालेलं काम. रोज करणारी माणसं ते गंभीर चेहऱ्याने करत नाहीत. कुणी सतरंजी सरळ करतं, कुणी खोकतं, एखादी बाई दुसरीला खुणेने सांगते की दिवा थोडा डावीकडे. म्हणून तोच विधी तीनदा लिहा. पहिल्यांदा लोभस, दुसऱ्यांदा सवयीचा, तिसऱ्यांदा त्यातला एकच तपशील बदललेला. आपल्याकडे जागे बसणारे झोपलेल्याच्या मनगटाला सुती दोरा बांधून त्याचं टोक हातात धरतात. तिसऱ्या वेळी सगळे दोरे सहा वर्षांच्या मुलाच्या मनगटाला बांधलेले असतात. आता त्याने सर्वांसाठी झोपायचं, कायमचं. आईचा आरसा इथे कामाला येतो. फक्त तो या वेळी शेजारणीच्या हातात असतो आणि ती वाफ नाहीशी होण्याची वाट पाहते आहे.

या प्रसंगात विरोध करणाऱ्याला कोण गप्प करतं याचा विचार करा. जोन्सटाउनच्या शेवटच्या दिवसाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात ख्रिस्टीन मिलर ही एक बाई उभी राहून, मुलांना जगण्याचा हक्क आहे असं म्हणत जोन्सशी वाद घालते. तिला दाबतात ते मुख्यतः भोवतालचे लोक, तिचेच सोबती. हे ऐकल्यावर म्होरक्याने 'पकडा तिला' म्हणून ओरडण्याचा प्रसंग लिहवत नाही. आईने 'थांबा' म्हटल्यावर आधी वडील म्हणतात, 'तू दमलीस.'

त्याच जोन्सटाउनमध्ये आधी विषप्राशनाच्या रंगीत तालमीही झाल्या होत्या. पटकथेत तालीम दाखवली की खरा प्रसंग येतो तेव्हा पात्रांना आणि प्रेक्षकांना ती पुन्हा तालीमच वाटते.

पायरी ८: पानांचा हिशोब

एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, या मापाने ९५ पानांच्या आत राहा. पहिली पंचवीस पानं घर आणि शिडीच्या चार पायऱ्या. पन्नाशीपर्यंत आनंद, हो, आनंदच, कारण पंथात गेल्यावर घर खरोखर सुधारलेलं दिसलं पाहिजे. मध्यावर वडिलांचा कबुलीजबाब. पुढे पंचवीस पानं एकेकाची शंका, उरलेल्यात बाहेर पडण्याची धडपड. फ्लॅशबॅक टाळा. बाळाची रात्र फक्त वडिलांच्या तोंडून ऐकू द्या. नटाला तिथे चार मिनिटं सलग मिळाली तर ती चित्रपटातली सर्वात भीषण चार मिनिटं होऊ शकतात.

पायरी ९: सेटवर नेताना

अंधारावर विसंबू नका. १९७३ चा 'द विकर मॅन' हा पंथावरचा भयपट भर उजेडातला आहे आणि म्हणूनच अस्वस्थ करतो. जागरणाच्या गोष्टीला तर दुपारचा पांढरा, डोळ्यांत खुपणारा प्रकाश फार शोभेल. घर निवडताना एका खोलीतून दुसरी दिसेल असं निवडा. दार काढल्यावर चौकट उरते. ती फ्रेममध्ये ठेवून कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर ठेवा आणि पात्रांना आतबाहेर करू द्या. खऱ्या घरात वाइड शॉटला, म्हणजे सगळी खोली दाखवणाऱ्या दृश्याला, जागा मिळत नाही ही नेहमीची रड. २०१८ च्या 'हेरेडिटरी' या भयपटासाठी घराचा अंतर्भाग सेट म्हणून बांधला होता, भिंती काढता याव्यात म्हणून. तेवढा पैसा नसेल तर निदान एक मोठी खोली असलेलं घर शोधा आणि महत्त्वाचे प्रसंग तिथेच लिहा.

आवाज हे तुमचं खरं बजेट. प्रत्येक खोलीचा रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा तिथला आवाज, नीट रेकॉर्ड करून आणा. मुलाचा श्वास हा या चित्रपटाचा ताल आहे. तो पहिल्या प्रसंगापासून जवळजवळ जाणवणार नाही इतका हळू ठेवा आणि साउंड डिझायनरला सांगा की कुठल्या तीन जागी तो पूर्ण थांबवायचा. तिथे संगीत नको. मंत्र हवाच असेल तर चार सुरांची गुणगुण स्वतः रचा. आधी शेजारीण भांडी घासताना गुणगुणते, मग मुलगा खेळताना.

मुलांबाबत तडजोड नाही. सहा वर्षांच्या कलाकाराला गोष्ट कळण्याची गरज नसते. 'द शायनिंग' या १९८० च्या चित्रपटाच्या वेळी त्यातल्या लहान मुलाला आपण भयपटात काम करतोय हे कळू दिलं नव्हतं. दोऱ्यांचा प्रसंग त्याच्यासाठी खेळ म्हणून घ्या, मोठ्यांचे किंचाळणारे शॉट तो घरी गेल्यावर वेगळे घ्या, पालक सेटवर असू द्या. आग दिसायची असेल तर लुकलुकणारे एलईडी दिवे वापरा. खरी ज्योत अगदी आवश्यक असेल तिथे अग्निसुरक्षेचा जाणकार समोर उभा हवा. आणि कलाकारांची झोप मारून 'खरा' थकवा मिळवण्याचा मोह आवरा. त्यासाठी मेकअप आहे.

पायरी १०: शेवट आणि पहिली परीक्षा

पंथ जिंकतो, कुटुंब जिंकतं, की कुटुंबच पंथ होतं, असे ढोबळ तीन शेवट आहेत. पोलिसांच्या गाड्या येऊन सगळ्यांना पकडून नेतात हा चौथा मी मोजत नाही, कारण शिडी घराने चढली होती आणि उतरायचीही घरानेच. आपल्या गोष्टीत मला असं दिसतं: मुलगी भावाला घेऊन बाहेर पडते, आई मागोमाग येते, वडील दोरा हातात धरून बसून राहतात. काही महिन्यांनंतरचा प्रसंग, दुसरं घर, दाराला कडी. मुलगा आईला विचारतो, 'आज माझ्यासाठी कोण जागणार?' त्याच्या दृष्टीने ती चांगली माणसं होती. हे लिहिताना आईच्या उत्तराचे निदान चार पर्याय काढा आणि सर्वात साधा ठेवा.

खर्डा झाला की पंथातल्या एका साध्या सदस्याच्या, समजा शेजारणीच्या, बाजूने तो पुन्हा वाचा. तिला प्रत्येक पानावर आपण बरोबर वागतोय असं वाटत असेल तर ठीक. जिथे ती केवळ प्रेक्षकाला घाबरवण्यासाठी काही करते तिथे पेन्सिलने खूण करा. त्या जागा पुढच्या खर्ड्यातून गळतील.

मग भयपट फारसे न पाहणाऱ्या चार-पाच जणांना वाचायला द्या. 'भीती वाटली का' हे विचारू नका, लोक भिडेपोटी हो म्हणतात. विचारा: तुम्ही असता तर कुठल्या पायरीला नाही म्हणाला असता? उत्तर तिसरी किंवा चौथी आलं तर सुरुवातीचे होकार फार मोठे आहेत, त्यांचे तुकडे करा. उत्तर आठवी-नववी आलं तर शिडी धरली आहे. आणि प्रत्येकाने वेगळीच पायरी सांगितली तर त्या पायऱ्यांवरची पानं आधी दुरुस्त करायला घ्या, कारण तिथे कुटुंबाला काय मिळतंय हे वाचणाऱ्यापर्यंत पोचलेलं नाही.